चांदणीचा फर्मा

शिवणवर्गातल्या बायका तिला पाठीमागे 'काटकोन' म्हणायच्या. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, गळ्यात मापाची टेप, आणि तोंडी एकच वाक्य: "सुतभरही फरक चालणार नाही." कुणी गोधडीचा चौकोन शिवून आणला की ती त्यावर पारदर्शक पट्टी ठेवायची, एक डोळा बारीक करायची, आणि काही न बोलता टाके काढायची उसवणी पुढे सरकवायची. समोरचीचं तोंड एवढंसं व्हायचं. पण हेही तितकंच खरं की तिच्या हाताखालून गेलेल्या बाईची गोधडी पलंगावर टाकली की चारही बाजूंनी सारखी लोंबायची. बोट दाखवायला जागा नाही.

गेली तीन वर्षं या बाईने एक उद्योग मागे लावून घेतला होता. तिच्या सासूबाईंच्या गोधड्यांच्या नक्ष्या नव्या मापात उतरवायच्या. सासूबाईंचं सगळं काम हाताचं. पुठ्ठ्याचा फर्मा कापडावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कात्रीने कापायचं आणि धावदोरा घालत जोडत जायचं. नक्ष्या एकाहून एक सरस, पण चांदणीची टोकं मोडलेली, आणि मधोमध जिथे आठ पाकळ्या भेटतात तिथे वाटाण्याएवढी गाठ. अंगाखाली आली की टोचायची. सुनेने त्याच नक्ष्या घेतल्या आणि त्यांना शिस्त लावली. फिरत्या पात्याचं कटर आणलं, खुणांची चटई आणली. एकेक तुकडा कापण्याऐवजी लांब पट्ट्या कापून त्यांचे तुकडे पाडायचे. मशीनवर सुईपासून बरोबर पाव इंचावर चिकटपट्टी लावायची, कापडाची कड तिला धरून चालवायची. प्रत्येक शिवणीला इस्त्री, आणि जोड येतो तिथे एक शिवण इकडे दाबायची, दुसरी तिकडे, म्हणजे गाठ होत नाही. चाळीस नक्ष्या एका जाड वहीत उतरवून झाल्या होत्या. प्रत्येक पान तिने आधी चिंध्यांवर शिवून पारखलं होतं. वर्गात तर तिचा कायदाच होता, आधी चिंध्या, मग कापड. राहिली होती एकच नक्षी, आठ पाकळ्यांची चांदणी.

आणि नेमकी त्याच आठवड्यात बेबी आली.

बेबी म्हणजे तिची धाकटी नणंद. वय वर्षं चोपन्न, हातात काठी, चालताना हुश्श-हुश्श, पण घरात नाव बेबीच. सोमवारी तिचा गुडघा बदलायचा होता. इस्पितळ इथून जवळ, म्हणून आदल्या मंगळवारीच ती भावाकडे राहायला आली, आणि कपड्यांच्या पिशवीच्या आधी तिने एक गाठोडं टेबलावर ठेवलं.

"वहिनी, हे एवढं पुरं करून दे. ऑपरेशननंतर दीड महिना पडून राहायचंय म्हणे. मला आईच्या गोधडीखाली पडायचंय."

गाठोड्यात अकरा चांदण्या होत्या. गेल्या वर्षी वारलेल्या सासूबाईंनी बेबीसाठी म्हणून सोळा चांदण्यांची गोधडी मांडली होती, तिच्यातल्या झालेल्या अकरा. पाकळ्या सगळ्या निळ्या. सासरे छापखान्यात मशीनवर होते, त्यांचे कामाचे निळे शर्ट. बेबी पाच वर्षांची असताना ते गेले. चार शर्ट मागे राहिले. तीन या अकरा चांदण्यांत संपले, आणि चौथा घडी करून तसाच ठेवलेला. घडीत एक चिठ्ठी, सासूबाईंच्या गिचमिड अक्षरात: 'पाच होतील. जपून.'

काटकोनने शर्ट उजेडात धरला. खांदे विरलेले, बाह्यांना कोपराशी भोकं, पुढची बाजू शाईच्या डागांनी भरलेली. धड राहिली होती ती पाठ, तीही कमरेपासून दीड वीत वरपर्यंत बरी, पुढे पातळ होत गेलेली.

"बाबांचा चेहरा मला आठवतच नाही गं," बेबी शर्टाच्या खिशावरून बोट फिरवत म्हणाली. खिशावर शाईचा एक मोठा काळा डाग होता. "कडेवर घेतलं की मी हा खिसा ओढायचे, तेवढं आठवतं. दादा नऊ वर्षांचा होता, त्याला सगळं आठवतं. मला हे एवढंच. तेव्हा वहिनी, हात जोडते, तुझं ते सगळं शास्त्र बाजूला ठेव. आईची चांदणी आईसारखीच झाली पाहिजे."

"आईंसारखीच होईल. फक्त टोकं मोडायची नाहीत."

"मोडू देत की."

"बेबी, तुझा गुडघा डॉक्टर मोजून बसवणार की अंदाजाने?"

बेबी हसली. तिथे ती हरली, आणि काटकोनला फार बरं वाटलं. बिचारीला काय ठाऊक, पुढे काय वाढून ठेवलंय ते.

गुरुवारी सकाळी नवरा कामावर गेला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो नोकरीला होता. बेबी पुढच्या खोलीत पाय लांब करून बसली. काटकोनने मधल्या खोलीतल्या टेबलावर चटई अंथरली, सासूबाईंचा फर्म्यांचा पत्र्याचा डबा उघडला, चांदणीच्या पाकळीचा फर्मा काढला आणि पोलादी पट्टीने मोजला. एकदा नाही, तीनदा. रुंदी बरोबर दोन इंच. वहीतल्या शेवटच्या पानावर तिने ठळक लिहिलं: 'चांदणी. पट्टी दोन इंच. तिरका काप.' खाली रेघ मारली.

आता चिंध्यांवर एक चांदणी करून बघायची होती. तिचा स्वतःचाच कायदा. पण चार दिवसांत पाच चांदण्या करायच्या, सोळा जोडायच्या, अस्तर लावायचं. आणि चाळीस पानं बरोबर आलेली बाई एकेचाळिसाव्याला कशाला घाबरेल? हाताशी अकरा झालेल्या चांदण्या होत्या. त्यांतल्या एकीवर पट्टी ठेवली असती तरी पुरलं असतं. पण तिच्या मनात आलं, या मोजून काय मिळणार, एक दुसरीसारखी असेल तर शपथ. तिने शर्ट चटईवर नीट ताणला, श्वास रोखला आणि कटर फिरवलं.

अर्ध्या तासात चाळीस पाकळ्या. एकीवर एक रचली तर एकच पाकळी आहे असं वाटावं. आणि गंमत म्हणजे कापड उरलं! चार बोटं रुंद, पाठीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. सासूबाईंच्या चिठ्ठीप्रमाणे तर पाच चांदण्यांत काही उरायला नको होतं. हे कळल्यावर दुसरी कुणी थबकली असती. ही हरखली. उरलेलं कापड नाचवत ती पुढच्या खोलीत गेली.

"बघ बेबी, नव्या पद्धतीत वाया काही जात नाही. आईंचा हिशोब नेहमीच सैल असायचा."

"बाई गं, तू म्हणजे ना," बेबी कौतुकाने म्हणाली.

पहिली चांदणी तासाभरात झाली. आठही टोकं सुईसारखी, मध्यभाग सपाट, गाठीचा पत्ता नाही. तिने इस्त्री फिरवली आणि हौसेने ती सासूबाईंच्या एका चांदणीवर ठेवली.

ती चारही बाजूंनी आत राहिली.

आधी तिला वाटलं इस्त्रीने आटली असेल. मग वाटलं, जुनी सैल होऊन पसरली असेल. मग तिने पट्टी घेतली. जुनी साडेनऊ इंच. दुसरी जुनी, साडेनऊला सुतभर कमी. तिसरीही तीच. तिची स्वतःची, सव्वासात.  तिने फर्मा उचलला आणि जुन्या चांदणीच्या शिवलेल्या पाकळीवर ठेवला. शिवणीपासून शिवणीपर्यंत तो अगदी बरोबर बसला.

म्हणजे फर्म्याची कड ही शिवण्याची रेघ होती. कापायची नव्हे. सासूबाई फर्म्याभोवती पेन्सिल फिरवायच्या, रेघेच्या बाहेर पाव इंच सोडून कापायच्या आणि रेघेवर शिवायच्या. हिने रेघेवर कापलं आणि पाव इंच आत शिवलं. इकडून पाव, तिकडून पाव, अर्धा इंच गेला, आणि चाळीस वेळा गेला. पण मग बाकीचे चाळीस फर्मे बरोबर कसे आले? त्यांत तर शिलाईची जागा धरलेली होती, तिने स्वतः पारखून पाहिलं होतं.

तिने डबा टेबलावर पालथा केला. चौकोन, त्रिकोण, लांबोडे, सगळे साधे. चांदणीच्या फर्म्याला मात्र टोकाशी दाभणाने पाडलेलं एक भोक होतं. ते तिने शंभर वेळा पाहिलं होतं. दोऱ्यात ओवून खिळ्याला अडकवायला असेल, असं धरून चालली होती.

आणि मग तिला ते आठवलं. तीन वर्षांपूर्वीची दुपार, हीच खोली. ती फर्मे मोजत बसली होती आणि सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत. तोवर त्यांना विसरायला व्हायला लागलं होतं, एकच गोष्ट दिवसात चारदा सांगायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "अगं, भोकाचा वेगळा बरं का. त्याला बाहेरून..." आणि ही मान वर न करता म्हणाली होती, "आई, मला कळतं. तीस वर्षं शिवतेय मी." सासूबाई म्हणाल्या, "बरं बाई," आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. परत कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

 कापड एकदा कापलं की कापलं. नवं आणता येत नाही, दुकानात मिळत नाही, आणि मिळालं तरी ते कुणाच्या अंगावरचं नसतं. पाच वर्षांच्या पोरीच्या हाती बापाचं जे काय उरलं होतं ते तिने अर्ध्या तासात, अगदी सरळ रेषेत, वाया घालवलं होतं.

"झाली का गं चांदणी?" बाहेरून हाक आली. मागोमाग काठीचा टक-टक आवाज.

तिने चांदणी झाकायला हात पुढे केला, पण बेबी दारात पोचली होती. बेबीने आधी नवी चांदणी बघितली, चेहरा उजळला. मग तिच्याखालची जुनी बघितली.

"लहान का दिसतेय ही?"

आता इथे खरं सांगून टाकायचं होतं. दोन वाक्यांचं काम. पण ज्या बाईने तीस वर्षं दुसऱ्यांच्या हातात उसवणी दिली, तिच्या तोंडून ती दोन वाक्यं निघेनात. निघालं ते भलतंच.

"फर्माच चुकलाय गं. आईंनी शेवटी शेवटी कधीतरी नवा कापला असणार. त्यात माप गेलं. मला काय कल्पना!"

तिच्या तोंडचं माप चुकलं असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. बेबीनेही लगेच मानलं. रडली नाही, ओरडली नाही, तेच वाईट झालं. खुर्ची ओढून बसली आणि फर्म्याकडे बघत राहिली.

"सगळ्याच पाकळ्या कापल्यास?"

"हो."

"म्हणजे संपला शर्ट."

काटकोन टेबलावरच्या पाकळ्या गोळा करायला लागली.

"शेवटी शेवटी कधी गं?" बेबीने हळूच विचारलं. "म्हणजे बघ, आम्हाला कळलं चार वर्षांपूर्वी, नावं विसरायला लागली तेव्हा. पण फर्मा चुकतोय म्हणजे त्याच्याही आधीपासून असणार. डोळे मिटून कापायची ती हे. मी महिन्यातून एकदा यायचे, हसायचे, जायचे. लक्षच दिलं नाही मी. दोन वर्षं आधी डॉक्टरकडे नेली असती तर..."

"अगं, तसं काही नाही..."

"कसं नाही? हे समोर आहे की." बेबीने फर्मा उचलला, कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या टोपलीत टाकला, आणि काठी टेकत निघून गेली.

दिवसभर ती खोलीतून बाहेर आली नाही. काटकोन मशीनपुढे बसली, पण पायाने मशीन हलेना. तिने स्वतःला परोपरीने समजावलं. सोमवारी ऑपरेशन, आत्ताच कशाला डोक्याला ताप? झालं गेलं, आई काही ऐकायला येणार नाहीत. फर्मा खरंच जुना, त्याच्या कडा घासलेल्या असतीलच की थोड्या. एकेक सबब घ्यायची आणि तिच्यावर मनातल्या मनात पट्टी ठेवायची. एकही बरोबर येईना.

संध्याकाळी नवरा आला. त्याने बहिणीचा चेहरा बघितला, बायकोचा बघितला, आणि हातपाय धुवायच्या आधीच विचारलं, "काय झालं?"

बेबीने सांगितलं. सगळं, आईच्या आजारापर्यंत. तो ऐकून घेत होता. मग तो मधल्या खोलीत गेला, आणि बराच वेळ आला नाही. काटकोन ताटं मांडत होती. 

तो आला, जेवायला बसला, आणि काहीतरी तिच्या ताटाशेजारी ठेवलं. चांदणीचा फर्मा, उलटा. पुठ्ठ्याच्या पाठीवर फिकट लाल अक्षरांत अर्धं छापील लेबल होतं. बाबांच्या छापखान्याचं. कागदाच्या रिमांना बांधायच्या पुठ्ठ्याचं. तो छापखाना बंद पडून तेहतीस वर्षं झाली होती.

 तो खाली मान घालून जेवायला लागला. बेबी मात्र बोलत होती, डॉक्टरांना विचारायला हवं होतं, औषधं लवकर सुरू झाली असती, मी मुलगी असून मला कळू नये. तिचा घास हातातच होता.

"बेबी, थांब," काटकोन म्हणाली.  "फर्मा बरोबर आहे. तुझ्या लहानपणापासूनचा आहे. हे लेबल बघ. आईंचं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं."

मग तिने भोकाचं सांगितलं, रेघेचं सांगितलं, चिंध्यांवर करून न बघितल्याचं सांगितलं. शेवटी त्या दुपारचंही सांगितलं, "आई, मला कळतं" हे शब्दसुद्धा जसेच्या तसे. सांगताना तिची नजर लेबलावर होती.

बेबीने घास ताटात ठेवला.

"शर्टाचं मी सहन केलं असतं," ती म्हणाली. "खरंच सांगते. माणसाच्या हातून होतं. पण तू आईला वेडी ठरवलंस? स्वतःचं माप वाचवायला? आणि मी दिवसभर तिथे पडून स्वतःला शिव्या घालतेय, आणि तू ऐकतेयस?"

"हो," काटकोन म्हणाली.

"लाज कशी वाटली नाही गं तुला!"

"वाटली. म्हणूनच बोलता येईना."

बेबी उठली. काठी न घेताच निघाली, भिंतीला धरून. दार लावून घेतलं. नवऱ्याने ताट सारलं आणि एवढंच म्हणाला, "सांगितलंस ते बरं केलंस. आधी सांगायला हवं होतंस."

शुक्रवारी सकाळी काटकोन उठली तेव्हा मधल्या खोलीत दिवा लागलेला होता. बेबी टेबलाशी बसली होती. समोर शर्टाचं उरलंसुरलं सगळं पसरलेलं. कॉलर, बाह्या, पुढचे दोन भाग, आणि ती चार बोटं रुंद पट्टी. फर्मा तिच्या हातात होता. डोळे सुजलेले.

"यातून एक तरी पुऱ्या मापाची निघायला हवी," ती वहिनीकडे न बघता म्हणाली. "आठ पाकळ्या. बस आणि बघ."

काटकोन बसली. सवयीने तिने मोठी पट्टी पुढे ओढली.

"ठेव ती खाली. हे तुकडे वेडेवाकडे आहेत, तुझी पट्टी त्यात कुठे बसणार?"

आणि ते खरंच होतं. फिरत्या कटरला लांब, धड कापड लागतं. इथे कुठे भोक, कुठे काज, कुठे विरलेली जागा. बेबीने फर्मा पाठीच्या उरलेल्या पट्टीवर ठेवला. फिरवला, तिरका केला, उलटा केला. पेन्सिल फिरवली. रेघेबाहेर अंदाजाने जागा सोडत, कात्री लावली. दहा वर्षांची असताना आईजवळ बसून चिंध्या कापल्या होत्या, त्यानंतर तिने कात्रीला हात लावला असेल तर फक्त दुधाच्या पिशवीसाठी.  काटकोनचा जीव टांगणीला लागला. दोनदा "अगं, कमी सुटतंय" असं ओठापर्यंत आलं, दोनदा तिने ते गिळलं. पाकळी निघाली. काटकोनने डोळ्यानेच मापलं. कडेला कुठे पाव इंच, कुठे त्याहून जास्त, पण कमी कुठेच नाही.

पट्टीतून चार निघाल्या. कॉलर उसवली, आतली बाजू नवी कोरी निळी, तिच्यातून दोन. पुढच्या भागावरचा खिसा उसवला. पन्नास वर्षं उजेड न लागलेला निळा चौकोन खाली दिसला, आजूबाजूच्या कापडाहून गडद. दोघीही क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. बाबांचा शर्ट मुळात असा होता तर! तिथून सातवी.

आठवीला कापडच नव्हतं. बाह्या हातात धरताच फाटत होत्या. राहिला होता नुसता खिसा, मधोमध काळ्या डागाचा. बेबीने फर्मा त्याच्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यात ठेवला. फर्मा बसत होता, पण एका टोकाशी रेघेबाहेर जागा उरत नव्हती, केसभरही.

"शिवताना सुटेल हे टोक," बेबी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने वहिनीकडे बघितलं. "वहिनी, आता सांग काय करू."

काटकोनने खिसा उचलला. कडांची दुमड नखाने उलगडली. पन्नास वर्षांची घडी, आत बोटाच्या पेराएवढं कापड. तिने तोंडाच्या वाफेने ती ओली केली, अंगठ्याने सपाट केली, आणि इस्त्रीही न लावता परत टेबलावर ठेवली. बेबीने फर्मा ठेवला. रेघेबाहेर पाव इंच मिळाला. शाईचा डाग पाकळीच्या बरोबर पोटात आला.

"तू काप," बेबी म्हणाली.

"नको. तूच काप."

"कात्री धर म्हणतेय ना."

काटकोनने कापली. कात्रीने, रेघेबाहेर, अंदाजाने.

रविवारपर्यंत गोधडीचा वरचा पदर जोडून झाला; अस्तर बेबी इस्पितळात असताना लागणार होतं. अकरा सासूबाईंच्या, एक या आठ विजोड निळ्या पाकळ्यांची, आणि चार सव्वासात इंचाच्या लहान चांदण्या, भोवती पांढऱ्या कापडाची चौकट लावून मापात आणलेल्या. मधोमध डागाची. दुरून बघितलं तरी लहान चांदण्या ओळखू येत होत्या. बेबी वहिनीशी कामापुरतं बोलत होती, सुई दे, दोरा दे, एवढंच. झालं गेलं विसरून जाऊ, असं काही ती म्हणाली नाही, आणि काटकोननेही विचारलं नाही.

एक लहान चांदणी जास्तीची उरली. पहिली, गुरुवारची, सुईसारख्या टोकांची.

सोमवारी रिक्षा यायच्या आधी बेबीने ती वही मागितली. शेवटचं पान उघडलं, 'पट्टी दोन इंच' वाचलं, आणि पेन पुढे केलं.

"नुसतं माप दुरुस्त करू नकोस. काय चुकलं तेही लिही. उद्या कुणी दुसरी कापेल."

काटकोनने दोन इंच खोडून अडीच केलं. खाली लिहिलं: 'फर्म्याला भोक असेल तर त्याची कड ही शिवण्याची रेघ. बाहेर पाव इंच सोडून कापणे.' ती थांबली. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. नवरा पिशवी घेऊन दारात उभा होता. तिने पुन्हा पेन टेकवलं आणि आणखी एक ओळ लिहिली: 'हे मला आईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.'

बेबीने ते वाचलं. हॉर्न परत वाजला, तिने तिकडे लक्ष दिलं नाही. सुईत दोरा ओवून ती जास्तीची चांदणी तिने त्याच पानावर ठेवली आणि चार कोपऱ्यांना चार टाके घातले, एक लांब, एक आखूड, एक तिरका, एक कसाबसा. काटकोन बघत राहिली. उसवणी हाताशी होती, तिने ती डब्यात टाकली आणि डबा बंद केला.

"चल," बेबी म्हणाली आणि हात पुढे केला. "धर मला. पायरी उंच आहे."